प्यादे मारण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेला बुद्धिबळाचा डाव मिळाला. पत्रात तू एकच प्रश्न विचारला आहेस: पुढच्या स्पर्धेआधी डी४ ने, म्हणजे वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे सरकवून, सुरू होणाऱ्या कोणकोणत्या ओपनिंग (सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) पाठ करू? डाव पटावर मांडून पाहिला, तेव्हा वाटले की ओपनिंगच्या आधी तुझ्या पाचव्या चालीबद्दल बोलायला हवे. तू हरलीस ती हत्तींच्या अंतिम खेळात, आणि चूक तिथेच झाली असे तुला वाटते आहे. तिथेही झाली. पण तसा अंतिम खेळ तुझ्या वाट्याला का आला, याचे कारण पार वर, कागदाच्या पाचव्या ओळीत आहे.

पट काढ आणि माझ्याबरोबर मांड, तू पांढऱ्याकडून. अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी ओळ; आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची. डी४, डी५. सी४, ई६. मग दोन्हीकडचे घोडे, तुझा एफ३ वर आणि त्याचा एफ६ वर. चौथ्या चालीला तू ई३ केलेस आणि काळ्याने सी५. इथवर तुझे काहीच चुकलेले नाही. आता पटाच्या मधोमध चार प्यादी एकमेकांना भिडून उभी आहेत. सी४ आणि डी५ एकमेकांना मारू शकतात, डी४ आणि सी५ एकमेकांना मारू शकतात. आणि तू लगेच डी४ वरच्या प्याद्याने सी५ वरचे मारून टाकलेस.

काळ्याचा एफ८ वरचा उंट तोवर जागचा हललाही नव्हता. तुझे प्यादे मारत तो एका चालीत थेट सी५ वर आला, म्हणजे उंट बाहेर काढायचे त्याचे काम तूच करून दिलेस. मग तू ए३ आणि बी४ करून त्या उंटाला हुसकावलेस, तो निवांत डी६ वर गेला. त्याने ए५ करून तुझ्या बी४ ला टोचले, तू बी५ केलेस. या क्षणी थांब आणि सी५ या घराकडे बघ. त्या घरावर तुझी दोनच प्यादी पहारा ठेवू शकत होती, डी४ वरचे आणि बी४ वरचे. पहिले तू मारामारीत घालवलेस, दुसरे पुढे ढकललेस. प्यादे मागे येत नाही, त्यामुळे आता त्या घरावरून शत्रूच्या मोहऱ्याला हाकलणारे प्यादे तुझ्याकडे उरलेच नाही. काळ्याचा घोडा डी७ वरून तिथे येऊन बसला आणि तुझ्या वजिराच्या बाजूची सगळी घरे त्याच्या टप्प्यात आली. तुझा पुढचा सगळा डाव त्या घोड्याभोवती फिरला. शेवटी तू उंट देऊन तो घोडा मारलास, हत्ती उरले, आणि तुझी ए आणि बी वरची प्यादी अशक्त होती म्हणून तू हरलीस.

त्या पाचव्या चालीच्या वेळी तुझ्या मनात काय होते, याचा मला अंदाज आहे. समोरासमोर आलेली प्यादी अस्वस्थ करतात. प्रत्येक चालीला दोन-दोन, तीन-तीन मारामाऱ्या मोजाव्या लागतात. एकदा मारून टाकले की चित्र साफ होते, डोके हलके होते. हे हलके होणे फार महागात पडते. भिडलेल्या प्याद्यांचा तणाव हेच डी४ च्या डावाचे खरे इंधन आहे. ई४, ई५ च्या डावात मोहरी लवकर एकमेकांच्या अंगावर येतात, राजाला लवकर शह बसतात, चूक लगेच दिसते. डी४ च्या डावात दहा-दहा चाली काहीच घडत नाही असे वाटते. घडत असते ते एवढेच: हा तणाव कोण आधी सोडणार, आणि सोडताना समोरच्याला काय देऊन बसणार. ताणलेल्या दोराचे एक टोक तुझ्या हातात आहे, दुसरे त्याच्या. जो आधी सोडेल तो बहुतेक वेळा मागे पडतो.

तू केलेली ही चूक ज्या डावात सगळ्यात स्वच्छ दिसते, तो डाव खूप जुना आहे. १९०७ साली लोड्झ इथे रोटलेवी पांढऱ्याकडून आणि अकिबा रूबिनस्टाइन काळ्याकडून खेळला. त्या डावाचा शेवट तू नक्की पाहिला असशील, सगळ्या कोड्यांच्या संग्रहांत तो असतो. सुरुवात मात्र फार थोडे लोक पाहतात, आणि मला तुला ती दाखवायची आहे. पांढऱ्याने सहाव्या चालीला तुझ्यासारखेच डी४ वरचे प्यादे सी५ वर मारले. काळ्याचा उंट एफ८ वरून एका चालीत सी५ वर आला. आता काळ्याचेही डी५ वरचे प्यादे पांढऱ्याच्या सी४ ला भिडलेले होते. रूबिनस्टाइनलाही तेव्हाच मारता आले असते. त्याने मारले नाही. किल्लेबंदी केली, उंट डी६ वर नेला, वजीर ई७ वर आणला. पांढऱ्याचा उंट एफ१ वरून डी३ वर सरकेपर्यंत तो थांबला. उंट सरकला आणि पुढच्याच चालीला त्याने सी४ वर मारले. पांढऱ्याला त्याच उंटाने परत मारावे लागले आणि बी५ आल्यावर तोच उंट पुन्हा डी३ वर न्यावा लागला. म्हणजे डी३ वर यायला पांढऱ्याच्या उंटाला तीन चाली लागल्या आणि डी६ वर जायला काळ्याच्या उंटाला दोन. त्यात पांढऱ्याचा वजीर आधी डी२ वर आणि मग ई२ वर गेला. काळ्याचा एका चालीत ई७ वर गेला होता.

पंधराव्या चालीला पांढऱ्याने किल्लेबंदी केली तेव्हाची स्थिती मांड आणि दोन्ही बाजू ताडून पाहा. आरशात पाहावे तशा त्या सारख्या आहेत. घोडे, उंट, वजीर, प्यादी, सगळे समोरासमोर. फरक दोनच: काळ्याचा हत्ती आधीच डी८ वर येऊन बसला आहे, आणि आता चाल काळ्याची आहे. पांढरी मोहरी घेऊन सुरू केलेल्या माणसाने दोन चाली गमावल्या होत्या, आणि एकही मोहरे न गमावता. कॉम्प्युटरकडे ही स्थिती दिलीस तर तो अपूर्णांकातला एखादा छोटा आकडा दाखवेल आणि तुला वाटेल की काही बिघडलेले नाही.

तिथून दहा चालींत डाव संपला. मागे पडलोय हे न ओळखता पांढऱ्याने एफ४, ई४, ई५ अशी प्यादी पुढे रेटली, आणि त्यामुळे त्याच्याच राजाकडे जाणाऱ्या तिरक्या रेषा उघड्या पडल्या. काळ्याचा एक उंट बी६ वरून जी१ कडे बघू लागला, दुसरा बी७ वरून लांबच्या कर्णावर. घोडा जी४ वर, वजीर एच४ वर. बाविसाव्या चालीला पांढऱ्याने जी३ करून वजिराला हुसकावले, तर रूबिनस्टाइनने वजीर हलवलाच नाही. हत्तीने सी३ वरचा घोडा मारला. पांढऱ्याने वजीर खाल्ला. मग दुसरा हत्ती डी२ वर, पांढऱ्या वजिरासमोर. वजिराने तो मारला, उंटाने ई४ वर मारत शह दिला, वजीर जी२ वर आडवा आला, आणि पंचविसाव्या चालीला हत्ती सी३ वरून एच३ वर. एच२ वरची मात थांबत नाही, पांढऱ्याने डाव सोडला. माझ्या मते डी४ च्या डावांत याहून सुंदर शेवट क्वचितच सापडेल. तो शक्य झाला, कारण एकाने प्यादे घाईने मारले आणि दुसऱ्याने नेमक्या वेळेची वाट पाहिली.

आता तुझ्या मनात येईल की मग सी५ वर कधी मारायचेच नाही का? मारायचे. १९७२ साली रेक्याविकमध्ये फिशर आणि स्पास्की यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीचा सहावा डाव बघ. आयुष्यभर बहुतेक ई४ खेळलेल्या फिशरने त्या दिवशी सी४ ने सुरुवात केली आणि डाव वजिराच्या गॅम्बिटमध्ये नेला, म्हणजे डी४ च्या जोडीला सी४ चे प्यादे काळ्यासमोर ठेवण्याच्या ओपनिंगमध्ये. त्यानेही सी५ वर मारले, पण पंधराव्या चालीला. तोवर काळ्याचे बी६ वर प्यादे होते आणि काळ्या रंगाच्या घरांवरून फिरणारे दोन्हीकडचे उंट पटावरून गेले होते. म्हणजे मारत-मारत बाहेर येणारा उंटच काळ्याकडे नव्हता. स्पास्कीने बी प्याद्याने परत मारले आणि त्याची सी५ व डी५ वरची दोन प्यादी शेजारी-शेजारी उभी राहिली, मागे आधाराला एकही प्यादे नाही. फिशरचा वजीर ए३ वर आधीच येऊन बसला होता आणि सी५ वर त्याची नजर होती. तीच मारामारी, तेच घर; रोटलेवीने ती करून शत्रूच्या उंटाला वाट दिली, फिशरने ती करून शत्रूला दोन ओझी दिली.

त्याच डावात पुढे विसाव्या चालीला फिशरने ई४ केले, म्हणजे डी५ वरच्या प्याद्याला नवीन तणावात ओढले. स्पास्कीने डी४ करून प्यादे पुढे ढकलले. दिसायला ते प्यादे आता सुरक्षित आणि पुढे गेलेले. पण ते डी५ वरून हलल्याबरोबर सी४ हे घर पांढऱ्याच्या उंटाला मिळाले आणि तिथून ई६ वरच्या अशक्त प्याद्यावर मारा सुरू झाला. डाव फिशरने जिंकला, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि स्पास्कीही त्यांत सामील झाला.

यातून एक गोष्ट लक्षात घे. तणाव सोडण्याचे दोन मार्ग असतात. एक मारण्याचा, दुसरा बाजूने पुढे निघून जाण्याचा. तू पहिल्याबद्दल सावध होशील तेव्हा दुसरा तुला फसवेल, कारण पुढे जाणे म्हणजे जागा मिळवणे असे वाटते. काळ्याकडून खेळताना सी५ वरचे प्यादे सी४ वर ढकलण्याचा मोह तर भल्याभल्यांना आवरलेला नाही.

१८९५ साली हेस्टिंग्जच्या स्पर्धेत बावीस वर्षांचा पिल्सबरी खेळायला आला. लास्कर, टाराश, चिगोरिन, स्टाइनिट्झ असे त्या काळचे सगळे दिग्गज तिथे होते आणि स्पर्धा या नवख्या पोराने जिंकली. टाराशविरुद्धच्या त्याच्या डावात टाराशने अकराव्या चालीला सी५ वरचे प्यादे सी४ वर नेले. पांढऱ्याचा डी३ वरचा उंट बी१ वर गेला, काळ्याला वजिराच्या बाजूला तीन विरुद्ध दोन प्याद्यांची आघाडी मिळाली, सगळे कसे छान. पण सी५ वर असताना ते प्यादे डी४ ला दाबून ठेवत होते. तो दाब गेला. डी४ पक्के झाले म्हणजे ई५ वर येणारा घोडाही पक्का झाला. पिल्सबरीने घोडा ई५ वर ठेवला, एफ४ करून त्याला टेकू दिला आणि राजाच्या बाजूला हल्ला बांधत गेला. टाराश वजिराच्या बाजूला धावत होता, पिल्सबरी राजाच्या बाजूला, आणि मात राजाला होते. अटीतटीचा डाव होता तो, काळ्यालाही संधी होत्या, पण मधल्या पट्ट्यात कोणी त्रास देणारे नाही ही निश्चिंती पांढऱ्याला अकराव्या चालीने दिली होती.

त्यानंतर ४३ वर्षांनी, १९३८ सालच्या आव्हरो स्पर्धेत, बोटविनिकविरुद्ध काळ्याकडून खेळत होता खुद्द कापाब्लांका. निम्झो-इंडियन बचाव, म्हणजे डी४ ला उत्तर देण्याची काळ्याची एक पद्धत. स्थिती साफ समजणारा याच्यासारखा खेळाडू विरळा, आणि त्यानेही चौदाव्या चालीला सी५ वरचे प्यादे सी४ वर नेले. त्याचा हिशेब कळतो: पांढऱ्याचे ए४ वरचे प्यादे एकटे पडले होते, घोडा ए५ वरून बी३ वर न्यायचा आणि वजिराने ते प्यादे उचलायचे. तसे झालेही, एकोणिसाव्या चालीला त्याने ते खाल्ले. पण डी४ वरचा दाब गेल्यामुळे बोटविनिकला एफ३ आणि ई४ करायला मोकळे रान मिळाले. ई५, एफ४, एफ५, प्यादी पुढे येत गेली आणि एक प्यादे ई६ वर जाऊन ठाण मांडून बसले. काळ्याचा घोडा बी३ वर गेला तो शेवटपर्यंत तिथेच राहिला, लढाईपासून सगळ्यात दूरच्या कोपऱ्यात.

तिसाव्या चालीला बोटविनिकने उंट ए३ वर ठेवला, काळ्या वजिराने खावा म्हणून. का, ते मी सांगणार नाही. पट मांड, पांढऱ्याच्या बाजूने बस, आणि उंट खाल्ल्यानंतरची पुढची चाल स्वतः शोध. कॉम्प्युटर लावायचा नाही. काळ्याचे सगळे शह संपेपर्यंत पांढऱ्याचा राजा कुठे जाऊन पोहोचतो, तेही लिहून काढ. अर्धा तास लागला तरी चालेल.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. पाठ काय करायचे?

थोडेसेच. सापळे माहीत असावेत, कारण त्यात न पडण्यासाठी विचार नाही, ओळख लागते. डी४, डी५, सी४ नंतर काळ्याने सी४ वर मारले आणि ई३ नंतर बी५ करून ते प्यादे राखायला गेला, तर ए४ कर. तो सी६ करेल, तू बी५ वर मार, तो सी प्याद्याने परत मारेल, आणि तुझा वजीर एफ३ वर येईल. ए८ वरच्या हत्तीवर थेट मारा आहे आणि काळ्याला हत्ती वाचवायला एखादे मोहरे द्यावेच लागते. सी४ चे प्यादे हे खरे बलिदान नाही ते यामुळेच. तसाच उलट बाजूचा सापळा: डी४ डी५, सी४ ई६, घोडा सी३ घोडा एफ६, उंट जी५ आणि काळ्याचा घोडा डी७. आता पांढऱ्याने डी५ वर मारले, काळ्याने ई प्याद्याने परत मारले. एफ६ चा घोडा वजिरासमोर पिन झालेला दिसतो, म्हणजे तो हलला तर मागचा वजीर जाईल असा अडकलेला, तेव्हा डी५ चे प्यादे फुकट आहे असे वाटते. पांढऱ्याचा घोडा ते खातो, काळ्याचा पिन झालेला घोडा खुशाल डी५ वर मारतो, पांढऱ्याचा उंट वजीर खातो, आणि काळ्याचा उंट बी४ वर शह देतो. पांढऱ्याकडे वजीर डी२ वर आडवा घालण्याशिवाय उपाय नाही. हिशेब संपतो तेव्हा काळ्याकडे एक मोहरे जास्त असते. बघ, इथेही सुरुवात घाईने मारण्यातूनच झाली.

ओपनिंग एकच घे, पण पुरती घे. वजिराचा गॅम्बिट, सी४ सकट. पत्रात तू लंडन सिस्टीमचे नाव लिहिले आहेस, कारण तुझ्या मैत्रिणी ती खेळतात. डी४, उंट एफ४, ई३, सी३, समोरचा काहीही करो. ती वाईट नाही, कार्लसननेही खेळलेली आहे. पण कार्लसनला जे आधीच येते, ते तुला अजून शिकायचे आहे. सी३ वर बसलेले प्यादे डी५ ला भिडत नाही, त्यामुळे तणाव बहुतेक वेळा समोरचाच आणतो आणि तू फक्त उत्तर देत राहतेस. तुझ्या वयात सी४ खेळ, भिड, आणि त्या भिडलेल्या स्थितीत बसायची सवय लाव. गुण थोडे दिवस कमी आले तरी आले.

हे डाव कंटाळवाणे असतात असे कोणी म्हणाले तर त्याला १९२७ ची ब्यूनस आयर्सची लढत सांग. कापाब्लांका आणि अलेखाइन यांच्यात ३४ डाव झाले, त्यातले ३२ वजिराच्या गॅम्बिटच्या नकार पद्धतीचे, म्हणजे काळा सी४ चे प्यादे न खाता डी५ ला ई६ चा आधार देतो ती. दोघांनाही दुसरे काही येत नव्हते म्हणून नव्हे. तीच स्थिती पुन्हा पुन्हा मांडून, आज कोण आधी सोडतो, हेच ते तपासत होते. सहा डाव जिंकून अलेखाइन जगज्जेता झाला.

किंग्ज इंडियन किंवा ग्रुनफेल्ड अशी डी४ ला काळ्याची दुसरी उत्तरे खेळणारे समोर आले तर नावे बदलतात, प्यादी वेगळ्या घरांत भिडतात, प्रश्न तोच राहतो. त्याबद्दल पुढे कधीतरी. आधी एवढे पक्के होऊ दे.

मारण्याआधी स्वतःला काय विचारायचे, तेही सांगतो. परत कोण मारणार, हा पहिला प्रश्न. परत मारणारे मोहरे आधी निजलेले असेल आणि माझ्यामुळे जागे होणार असेल, तर हात आवर. मग, माझे प्यादे हलल्यावर कोणते घर बेवारस होते? तुझ्या डावात सी५ झाले, स्पास्कीच्या डावात सी४ झाले. आणि मी मारले नाही तर तो काय करणार? बहुतेक वेळा उत्तर निघते, काहीच विशेष नाही. असे उत्तर निघाले की तुला एक पूर्ण चाल मिळाली. हत्ती सी१ वर आण, किल्लेबंदी कर, जे राहिले असेल ते कर. तणाव तसाच असू दे.

यात सगळ्यात मोठी अडचण घड्याळ आहे. तुझ्या कागदावर चाली नीट लिहिल्या आहेत, वेळ कुठेच नाही. नियमाप्रमाणे चालीशेजारी घड्याळातली उरलेली वेळ लिहिता येते. पुढच्या स्पर्धेपासून दर पाच चालींनी लिहीत जा. तेराव्या ते विसाव्या चालीच्या मधल्या तुझ्या खेळात तीन मारामाऱ्या आहेत आणि तिन्ही अनावश्यक. मला वाटते, तुझी वेळ संपत आली होती. वेळ कमी असली की मेंदू सोपे चित्र मागतो आणि हात आपोआप मारायला जातो. हे जगज्जेत्यांनाही चुकत नाही. २०२४ साली सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेन यांच्या लढतीच्या तिसऱ्या डावात गुकेशने डी४ खेळून वजिराच्या गॅम्बिटमधली डी५ वर मारण्याची पद्धत निवडली. पहिल्या ४० चालींना १२० मिनिटे, आणि त्या चाळीस चालींत दर चालीला मिळणारे जादा सेकंद नव्हतेच. डिंग इतका वेळ विचारात गेला की चाळिसावी चाल येण्याआधी त्याची वेळ संपली. स्थितीही तोवर हातची गेलेली होती. तणाव सांभाळायचा तर वेळ लागतो, म्हणून पाठ असलेल्या चालींवर वेळ घालवायचा नाही. पहिल्या आठ चालींत तू किती मिनिटे घेतेस ते मला कळव.

गुकेशच्या त्या डावात डी५ वरची मारामारी लवकर होते, हे तुझ्या लक्षात येईल आणि तू विचारशील, मग ते कसे चालते? कारण तिथे काळा ई प्याद्याने परत मारतो, आणि दोन्ही बाजूंची प्यादी असा आकार घेतात की पांढऱ्याला पुढे बी४, बी५ करून सी६ वर नवीन तणाव निर्माण करता येतो. एक सोडताना दुसरा कुठे निर्माण करायचा हे त्याला आधीच माहीत असते. तुला पाचव्या चालीला ते माहीत नव्हते. फरक एवढाच आहे, पण तो सगळा खेळ आहे.

सरावासाठी एक गोष्ट कर. पटावरून राजे आणि प्यादी सोडून सगळी मोहरी काढून टाक आणि फक्त प्याद्यांची रचना ठेव, तुझ्या डावाची पाचव्या चालीआधीची. मग बघ, डी४ ने सी५ मारले तर आकार कसा होतो, सी४ ने डी५ मारले तर कसा, काळ्याने सी४ वर मारले तर कसा, आणि त्याने सी५ चे सी४ केले तर कसा. प्रत्येक आकारात कोणते घर कोणाचे, कोणती फाइल (उभी रांग) उघडी, कुठले प्यादे एकटे, हे वहीत लिही. मोहरी नंतर एकेक करून ठेव आणि विचार, या आकारात याला कुठे बसायला आवडेल. अशी चार पाने झाली की ओपनिंगच्या पुस्तकातल्या निम्म्या चाली तुला न वाचता सुचतील.

मग आनंदचा एक डाव लाव. २०१३, वाइक आन झे, अरोनियनविरुद्ध, काळी मोहरी. सेमी-स्लाव, वजिराच्या गॅम्बिटचीच एक शाखा. अरोनियनचा घोडा जी५ वर येतो तेव्हा आनंद सी५ करून डी४ ला भिडतो. घोडा एच७ वरचे प्यादे खातो, तरी आनंद त्याला परत मारत नाही, स्वतःचा घोडा जी४ वर नेतो. सी५ आणि डी४ अजून भिडलेलेच. पांढरा एफ४ करतो, आणि आता, नेमका आता, आनंद डी४ वर मारतो. ई प्यादे परत मारते आणि राजाकडची तिरकी रेषा उघडते. पुढच्याच चालीला काळ्याचा उंट सी५ वर, त्यानंतर घोडा ई५ वर. तेविसाव्या चालीला डाव संपला. तो पाहताना अनेकांना रूबिनस्टाइनच्या त्या जुन्या डावाची आठवण झाली, तुलाही होईल. दोन्ही उंट त्याच दिशेला रोखलेले आहेत. मात्र माझी विनंती अशी की उंट आणि घोडे पाहण्याआधी तू बाराव्या ते पंधराव्या चालीपर्यंतची सी५ आणि डी४ वरची दोन प्यादी पाहा. एफ४ च्या आधी मारले असते तर काय, आणि एफ४ नंतर मारल्याने काय, हे मला एका पानात लिहून पाठव. बोटविनिकच्या उंटाचे उत्तरही त्याच पत्रात येऊ दे.

आणि पुढच्या स्पर्धेतले सगळे डाव पाठव, जिंकलेलेही. जिंकलेले जास्त, कारण त्यांतल्या घाईकडे कोणी लक्ष देत नाही.

कळावे.
तुझे सर